घराच्या पोटातली थंडी

रोंडाने केस वाळवायचं यंत्र सुरू केलं आणि तिसऱ्या सेकंदाला ते गप्प झालं. पाठोपाठ न्हाणीघरातला पंख्याचा छोटा हीटर कुरकुरत थांबला, बैठकीतल्या हीटरचा लाल दिवा विझला, आणि अठ्ठावीस फुटी ट्रेलरमध्ये अशी शांतता पसरली की बाहेरचा वारा ऐकू यायला लागला.

"आई, लाइट गेली का?" ओले केस पंच्यात धरून रोंडा बाहेर आली. "पण हा वरचा दिवा तर चालू आहे."

"तो बॅटरीवर चालतो. आणि लाइट गेली नाही, तू घालवलीस." आर्डिस बूट चढवत होती. "काल रात्री काय सांगितलं होतं? केस वाळवायचे तर आधी काय बंद करायचं?"

"न्हाणीतला हीटर."

"कॉफी करताना?"

"तोच."

"आणि मायक्रोवेव्ह लावताना?"

"आई, मी पन्नाशीची बाई आहे."

"असशील. ब्रेकर वय विचारत नाही."

आर्डिसने कानटोपी ओढली आणि ती बाहेर पडली. पारा उणे वीसला होता, म्हणजे जानेवारीच्या मानाने बराच शहाण्यासारखा वागत होता. दारासमोरच्या विजेच्या खांबावरची पेटी उघडून तिने खटका वर केला. मग सवयीने हातमोजा काढून तळवा प्लगवर टेकवला. प्लग थंड होता. गरम प्लग म्हणजे आत काहीतरी जळायला लागलेलं असतं, आणि ट्रेलर पेटायला लागला की माणसाला बाहेर पडायला दोन मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. हे ती सगळ्यांना इतक्या वेळा सांगून चुकली होती की आता लोक तिच्या आधीच ते वाक्य पूर्ण करत.

उत्तर डकोटातल्या हाल्वर गावाबाहेरच्या या ट्रेलर-पार्कात उन्हाळ्यात अशी साठ चाकांवरची घरं लागायची. हिवाळ्यात टिकून राहणारी बिऱ्हाडं चौदा. तेलविहिरींवरचे वेल्डर, इस्पितळातली एक नर्स, काही निवृत्त मंडळी, आणि आर्डिस क्वाम, वय एकाहत्तर. एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती. नवरा लॉइड गेल्यावर शेत आणि घर विकून ती इथे आली, त्याला चार हिवाळे झाले. रोज सकाळी ती चौदाही खांबांवरून फिरायची आणि प्रत्येक प्लगला हात लावून बघायची. तिला कुणी नेमलं नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं, आणि नको म्हणायची कुणाची छाती नव्हती. धुलाईच्या खोलीत तिने स्वतःच्या अक्षरात एक पुठ्ठा लावला होता: 'हीटर माणसांसाठी, भट्टी पाइपांसाठी.'

या एका ओळीत चाकांवरच्या घराचं सगळं शास्त्र होतं. विजेचा हीटर खोली छान तापवतो. पण पाण्याचे पाइप खोलीत नसतात, पायाखालच्या फळ्यांखाली, घराच्या पोटात असतात. तिथे ऊब पोचते ती फक्त गॅसच्या भट्टीची, कारण तिची गरम हवा खालच्या नळकांड्यांमधून फिरते. नवखा माणूस हीटर लावतो, घर उबदार झालं म्हणून भट्टी बंद करतो, शर्टाच्या बाह्या वर करून खुशाल बसतो, आणि सकाळी बघतो तर नळाला पाणी नाही. दर हिवाळ्यात कुणीतरी हे करायचंच. मग आर्डिस त्याच्या ट्रेलरखाली शिरायची, पाइप मोकळा करून द्यायची, आणि वर येऊन त्याची अशी हजेरी घ्यायची की पुन्हा तो जन्मात भट्टी बंद करायचा नाही.

रोंडा वाळवंटातल्या फिनिक्सहून आली होती ती एका पैजेपायी. गेली दोन वर्षं फोनवर एकच विषय चालला होता. "आई, तुझ्यासाठी खोली तयार आहे. तिथे पत्र्याच्या डब्यात थंडीने मरशील एक दिवस." शेवटी ऑक्टोबरात आर्डिस वैतागली आणि म्हणाली, "हे बघ. जानेवारीत ये, चार दिवस राहा. त्या चार दिवसांत माझ्या नळाचं पाणी एकदा जरी थांबलं, तर मी स्वतः बॅग भरीन आणि तुझ्याबरोबर येईन. नाही थांबलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही." रोंडा म्हणाली, कबूल. क्वाम घराण्यात लेखी काही लागत नसे.

बुधवारी संध्याकाळी ती आली. रविवारी सकाळी जाणार होती.

पहिल्या रात्री रोंडाला झोप लागली नव्हती. तिचा बिछाना बैठकीतल्या सोफ्यावर, आणि भट्टी नेमकी सोफ्याच्या खाली. दर दहा मिनिटांनी आधी धाडकन आवाज व्हायचा, मग विमान उडावं तशी घरघर. गुरुवारी दिवसभर ती लाल डोळ्यांनी हिंडली. तक्रार केली नाही, पण जेवताना काटा हातात धरून पेंगली. आर्डिसला ते बघवेना. मुलगी सहा वर्षांनी घरी आली आहे आणि आपण तिला धड झोप देऊ शकत नाही, हे तिच्या मनाला लागलं.

त्या संध्याकाळी तिने भट्टी बंद केली आणि बैठकीतला, न्हाणीतला आणि झोपायच्या खोलीतला असे तिन्ही हीटर लावले. त्यातला एक खांबावरून वेगळी जाड वायर आणून लावला, म्हणजे ब्रेकरवर ताण यायला नको. उद्या दुपारी दोन तास भट्टी चालवायची, म्हणजे पोट गरम राहील, असा हिशेब तिने मनाशी केला. हिशेब बरोबर होता. पोटाला बाहेरून थर्माकोलच्या फळ्यांचा घेर होता, तेवढा वेळ कळ निघाली असती.

शुक्रवारी सकाळी रोंडा नऊ वाजता उठली. चेहरा लहानपणासारखा गोबरा दिसत होता. "किती दिवसांनी अशी झोपले," ती म्हणाली. "आई, इथे तर माझ्या घरापेक्षा उबदार आहे."

आर्डिस नुसती हुं म्हणाली, पण आतून फुलली. दुपारी तिने मटणाच्या खिम्यावर बटाट्याचे गोळे रचून ओव्हनमध्ये भाजलेला लॉइडच्या आवडीचा पदार्थ केला. रोंडाने दोनदा वाढून घेतला. मग पत्ते निघाले. रोंडाला खेळ आठवेना, आर्डिसने पुन्हा शिकवला, रोंडाने लबाडी केली, ती पकडली गेली, दोघी हसल्या. आपल्या लेकीला इतकं मोठ्याने हसता येतं हे आर्डिस विसरून गेली होती. संध्याकाळचे साडेपाच वाजले, बाहेर अंधारलं, त्यांनी आणखी एक डाव मांडला.

रात्री वारा उत्तरेला फिरला आणि पारा उणे एकतीसला गेला. आत तिन्ही हीटर इमानेइतबारे तापत होते. काचांवरून ओलावा ओघळत होता. दोघी गाढ झोपल्या.

शनिवारी सहा वाजता आर्डिसने किटली नळाखाली धरली आणि तोटी फिरवली. नळ एकदा खाकरला. मग काहीच नाही.

तिने तोटी बंद केली आणि पुन्हा उघडली. अंगावर गरम हवा येत होती, पायाखालची जमीन मात्र बर्फासारखी लागत होती. तिला उलगडायला एक क्षण पुरला. भट्टी. शुक्रवारची दुपार. पत्ते.

ती तशीच उभी राहिली, किटली हातात धरून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! तो पुठ्ठा तिने लिहिला होता. चौदा बिऱ्हाडांत ही चूक करायचा हक्क नसलेलं माणूस एकच होतं, आणि ते इथे उभं होतं. पण त्याहून वाईट एक गोष्ट होती. ती विसरली होती. एकाहत्तराव्या वर्षी बाई काय विसरली हे कुणी विचारत नाही, विसरली एवढं पुरतं. रोंडाला नेमकी हीच भीती होती आणि ती तिने तोंडावर कधी बोलून दाखवली नव्हती.

सोफ्यावर रोंडा कूस बदलून पुन्हा झोपली. आर्डिसने बेसिनखालचा पाण्याचा बुधला काढला, किटली भरली, आवाज न करता चुलीवर ठेवली, भट्टीचा खटका चालू केला आणि कोट घालून बाहेर गेली.

शेजारचा वेंडेल प्वात्रा आपल्या गाडीची काच खरवडत होता. हा रेल्वेतून निवृत्त झालेला वीजतंत्री, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र शाबूत. आर्डिस गुडघ्यावर बसून बाहेरच्या नळाभोवतीचं आवरण चाचपत होती. त्याने खरवडणं थांबवलं.

"गोठलं?"

"बाहेरचं नाही. पोटातलं."

"तुझ्या पोटातलं?" वेंडेल हसायला लागला, मग तिचं तोंड बघून थांबला. पैज त्याला माहीत होती. पैज सगळ्या पार्काला माहीत होती. "पोरीला कळलं?"

"झोपली आहे."

तो काठी टेकत जवळ आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "मग ऐक. पार्कची पाण्याची मुख्य लाइन गोठली म्हणून सांग. मी येतो आणि माझ्याही नळाला पाणी नाही म्हणून बोंब मारतो. दुपारपर्यंत तुझा पाइप सुटेल. कुणाचं काय गेलं?"

आर्डिसने आवरणाचं टोक पुन्हा आत खोचलं. खोटं काय बोलावं ते तिलाही सुचलं होतं, किटली भरतानाच सुचलं होतं. फक्त गप्प राहायचं होतं, बुधल्यात दिवसभराचं पाणी होतं.

"पार्कचे नळ सप्टेंबरात कुणी गुंडाळले?" तिने विचारलं.

"तू."

"चौदाच्या चौदा. त्यातला एक तरी गोठला का चार वर्षांत?"

"नाही."

"मग माझ्या हाताचं चांगलं काम वाईट आहे असं मी कशाला सांगू? वाईट केलं ते सांगीन." ती उठली, गुडघ्यावरचा बर्फ झटकला. "तुझी एक लाइन लागेल मला."

वेंडेलने तिच्याकडे पाहिलं. पार्कात लाइन मागणं म्हणजे काय ते तोही जाणून होता. प्रत्येक खांबाला ताकद ठरलेली. कुणाला जास्त वीज लागली तर शेजाऱ्याने आपला एक हीटर बंद करायचा, अंगात कोट घालून बसायचं, आणि आपल्या खांबावरून त्याला वायर द्यायची. गरज नसताना कुणी मागत नसे, आणि मागितल्यावर कशाला म्हणून कुणी विचारत नसे. आर्डिसने अशी लाइन अकरा वेळा दिली होती. मागितली आज पहिल्यांदा.

"देतो," तो म्हणाला. "पण एका हीटरने भागायचं नाही. एकतीस आहे उणे. दुसरी लाइन पोचेल अशी एकाच खांबावरून."

"माहीत आहे मला."

"व्हर्जिल."

"माहीत आहे म्हटलं ना."

ती आत गेली तेव्हा रोंडा उठून बसली होती. किटली शिट्टी घालत होती. "आई, आज जाम थंडी दिसते बाहेर. कॉफी टाकतेस?"

आर्डिसने चूल बंद केली. टोपी काढली आणि ती लेकीसमोर उभी राहिली, शाळेत मुख्याध्यापकासमोर उभं राहावं तशी.

"नळाला पाणी नाही. पोटातले पाइप गोठलेत. काल दुपारी भट्टी लावायची होती, मी विसरले."

रोंडाने किटलीकडे बोट केलं. "कॉफीचं पाणी?"

"बुधल्यातलं. पार्कचा दोष नाही, नळाचा नाही. माझा आहे. पैज तू जिंकलीस."

"आई—"

"आधी पाइप. बॅग नंतर भरते. हा कोट घाल, तुझा तो कोट फिनिक्सचा आहे, त्याने इथे मांजरसुद्धा तगायचं नाही."

व्हर्जिल बर्गस्टाड दोन घरं पलीकडे राहायचा. ब्रह्मचारी, सत्तरी ओलांडलेला, नाकाने बोलणारा. दोन वर्षांपूर्वी आर्डिसने त्याची तपकिरी पातळ वायर चारचौघांसमोर खांबावरून उपटून बर्फात फेकली होती आणि म्हणाली होती, "ही टेबलावरच्या दिव्याची वायर आहे, व्हर्जिल. हीटर लावायचा तर अक्कल लावून लाव." तेव्हापासून तो तिच्याशी बोलत नव्हता. ती त्याच्याही प्लगला रोज हात लावायची. तो रोज पडदा ओढून घ्यायचा.

आर्डिसने दार ठोठावलं. रोंडा मागे उभी होती, लॉइडच्या जुन्या कोटात बुडालेली. दार चार बोटं उघडलं.

"काय?"

"एक लाइन हवी आहे. चार-पाच तास."

व्हर्जिलने आधी तिच्याकडे, मग रोंडाकडे पाहिलं. "कुणाला?"

"मला."

"तुम्हाला." त्याने दार पूर्ण उघडलं, थंडी आत येत होती तरी. ही चैन तो सोडणार नव्हता. "म्हणजे भट्टी बंद ठेवली होतीत?"

"हो."

"हीटर माणसांसाठी, आणि भट्टी कशासाठी हो, आर्डिसबाई? तिकडे धुलाईच्या खोलीत कुणीतरी लिहून ठेवलंय म्हणे."

"पाइपांसाठी," आर्डिस म्हणाली. कान तापले होते तिचे, पण नजर तिने खाली घेतली नाही. "माझं चुकलं. लाइन देता का?"

व्हर्जिलला आणखी दोन वाक्यं बोलायची होती, तोंडावर दिसतच होती. पण 'माझं चुकलं' हे ऐकायची त्याने तयारी केली नव्हती. तो आत वळला. हीटरचा खटका बंद झाल्याचा आवाज आला. मग तो कोट घालून, पिवळी जाड वायर खांद्यावर टाकून बाहेर आला. अंगठ्याएवढी जाड, चांगल्यापैकी वायर.

"ही बाई," तो आर्डिसला सोडून रोंडाशी बोलायला लागला, "तुझी आई आहे म्हणून सांगतो. हिने माझी वायर फेकली ना, त्या रात्री मी ती उचलून घरात आणली. म्हटलं, हिला दाखवतो काही झालेलं नाही ते. चाकूने सोलून बघितली, तर आतून काळी कोळसा. मी त्या वायरीच्या शेजारी उशी ठेवून झोपत होतो." त्याने नाक ओढलं. "हे मी हिला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. फार चढेल."

"ती इथेच उभी आहे," रोंडा म्हणाली.

"ते तिचं ती बघेल," व्हर्जिल म्हणाला आणि वायर उलगडत चालायला लागला.

सात वाजेपर्यंत दोन हीटर ट्रेलरखाली लागले. घेराची एक फळी काढून आर्डिस पोटावर सरपटत आत शिरली, जाड प्लायवुडच्या तुकड्यांवर तिने हीटर ठेवले, तोंडं पाइपांकडे केली. पोटाखाली हीटर लावला की माणूस तिथून हलत नाही, हा तिचाच नियम. गवताची काडी, उंदराचं घरटं, फाटकं आवरण, कशालाही आग लागू शकते. म्हणून जुन्या गादीचा तुकडा अंथरून ती तिथेच आडवी झाली. दहा मिनिटांनी शेजारी खरखर झाली आणि रोंडा सरपटत आली.

"तू कशाला? वर जा, ऊब आहे."

"एकटी काय करणार वर? पत्ते एकटीने खेळता येत नाहीत."

दोघी पालथ्या पडून पाइपांकडे बघत राहिल्या. हीटरच्या उजेडात आर्डिसचे हात तांबूस दिसत होते. वरून, फळ्यांच्या पलीकडून, भट्टी घरघरत होती. बाहेर कुणाकुणाचे पाय येत होते, थांबत होते, जात होते. नर्स ड्यूटीवरून येताना वाकून म्हणाली, "आर्डिसबाई, तुम्ही? खाली?" आर्डिस म्हणाली, "हो, मी. भट्टी विसरले. तू आपली चालू आहे का बघ." टेक्सासचा वेल्डर येऊन गेला, त्यालाही तिने तेच सांगितलं. तिसऱ्याला सांगितलं. प्रत्येक वेळी तोच शब्द, तोच आवाज.

"सगळ्यांना सांगायलाच हवं का?" रोंडा म्हणाली.

"त्यांना मी बोलले नव्हते का, त्यांचं गोठलं तेव्हा?"

रोंडाने कोटाची बाही तोंडापर्यंत ओढून घेतली. मग म्हणाली, "चौथीत होते मी. तू मला सोडून बस नेलीस. आठवतं?"

"सात वाजून बारा मिनिटं. तू चौदाला आलीस."

"तुझी मुलगी होते मी, आई. तू मला शेतातून पळत येताना बघत होतीस. मी तीन मैल चालत गेले."

"सोरेनसनांच्या मुलासाठी थांबले नव्हते आदल्या आठवड्यात. तुझ्यासाठी थांबले असते तर त्याला काय सांगितलं असतं?" आर्डिसने हीटर दोन बोटं सरकवला. "वळणापर्यंत आरशात बघत होते मी. घरी येऊन रडले. तुझ्या बापाला विचारलं असतंस तर सांगितलं असतं त्याने."

"चाळीस वर्षं मला वाटायचं, तुला काही वाटलंच नाही."

"वाटलं. पण बस वेळेवर गेली."

रोंडा हसली की काय ते आर्डिसला नीट कळलं नाही. तिच्या नाकातून वाफ निघाली आणि तिने कपाळ आईच्या खांद्यावर टेकवलं. जागा अरुंद होती, दुसरीकडे कुठे टेकवणार. आर्डिस हलली नाही.

अकराच्या सुमाराला पाइपात टकटक सुरू झाली. मग कुठेतरी बर्फाचा खडा सुटल्यासारखा आवाज आला, आणि वर स्वयंपाकघरात उघडी ठेवलेली तोटी फुसफुसली, थुंकली, आणि धो धो वाहायला लागली. वेंडेल बाहेरून ओरडला, "सुटलं गं, सुटलं!" एका सांध्यातून थेंब येत होते. आर्डिसने पान्याने तो आवळला, हात फिरवून कोरडा असल्याची खात्री केली आणि मग बाहेर सरपटली. उभं राहताना तिला कुणाचा हात लागला नाही. लोकांनी पुढे केले होते, तिने ते पाहिले नाहीत असं दाखवलं.

वायरी गुंडाळून ज्याच्या त्याला पोचत्या झाल्या. व्हर्जिलने आपली हातात घेतली, प्लगला तळवा लावून बघितला आणि म्हणाला, "थंड आहे." आर्डिस म्हणाली, "असणारच. वायर चांगली आहे." दोन वर्षांनी त्यांचं टोमण्याशिवाय एवढं बोलणं झालं.

दुपारी जेवण झाल्यावर आर्डिसने कपाटावरून कापडी बॅग काढली. पलंगावर ठेवून चेन उघडली आणि कपडे घड्या करून भरायला लागली. लोकरीचे मोजे, दोन स्वेटर, रविवारचा निळा झगा. हे घर तिचं होतं, त्यातला एकेक पाइप तिने हाताने गुंडाळला होता, आणि फिनिक्सला तिला कुणी काही विचारणार नव्हतं. तिथे कुणाचा पाइप गोठत नाही.

रोंडा दारात येऊन उभी राहिली.

"हे काय?"

"बॅग. तुला म्हटलं होतं ना, नंतर भरते. उद्याच्या विमानात जागा आहे का विचार. नसेल तर सोमवारच्या."

"आई, पाणी चालू आहे."

"पाच तास बंद होतं."

"भट्टी तू माझ्यासाठी बंद केलीस. मला झोप लागत नव्हती म्हणून."

"पाहुण्याचा दोष नसतो. लावायची मी विसरले."

"पत्ते खेळत होतीस माझ्याबरोबर!"

"बस चालवताना खेळत नव्हते." आर्डिसने झग्याची बाही आत दुमडली. "हो, मजा आली. खूप मजा आली, रोंडा. पण पैज पाण्याची होती, मजेची नव्हती. शब्द दिला तो दिला."

रोंडा पलंगाच्या कडेला बसली. सकाळच्या सरपटण्याने तिच्या केसांत कसलासा भुसा अडकला होता.

"शब्द दोघींनी दिला होता," ती म्हणाली. "तू म्हणालीस येईन. मी म्हणाले नेईन. बरोबर?"

"बरोबर."

"तू आपला पाळलास. बॅग भरलीस. खोटं बोलायला जागा होती तरी बोलली नाहीस. वेंडेलने मला सगळं सांगितलंय, त्याच्या पोटात काही राहत नाही. मी माझा मोडते. मी तुला नेत नाही."

आर्डिसचे हात थांबले. "असं करता येत नाही."

"येतं. मी केलं."

"आपल्या घरात असं कुणी केलेलं नाही. तुझ्या बापाने नाही, त्याच्या बापाने नाही."

"मग मी पहिली." रोंडाचे डोळे भरले होते, आवाज मात्र सरळ होता. "सांग सगळ्यांना. सांग की क्वामांच्या मुलीने दिलेला शब्द फिरवला. व्हर्जिलला सांग, नर्सला सांग. मीच सांगते हवं तर, दारोदार जाऊन. मला काही कमीपणा वाटत नाही त्यात."

एकतीस वर्षं आर्डिसने मुलांच्या सबबी ऐकल्या होत्या, आणि एकीपुढेही ती निरुत्तर झाली नव्हती. ही सबबच नव्हती. मुलगी सरळसरळ दोष अंगावर घेत होती, जसा सकाळी तिने स्वतः घेतला होता. अभिमान वाटला तिला. रागावून बोलावं इतका वाटला.

"चुकतंय तुझं," ती अखेर म्हणाली.

"असेल."

रोंडाने बॅग आपल्याकडे ओढली आणि एकेक कपडा बाहेर काढायला लागली. मोजे खणात टाकले. स्वेटर घडी मोडूनच उचलला, हाताशी धरला, आणि मांडीवर ठेवून पुन्हा घडी घातली. बाह्या बाहेर राहिल्या, गळा वाकडा आला. अशी घडी आर्डिसने कुणाची चालवून घेतली नसती. रोंडाने ती तिच्या हातात दिली.

आर्डिसने ती तशीच कपाटात ठेवली आणि दुसऱ्या स्वेटरसाठी हात पुढे केला.